पोलीस ॲक्शन, कलम ५१ आणि स्वसंरक्षणाचं युद्ध

जगात कुठंही बॉम्ब पडले की चोवीस तासांच्या आत बॉम्ब टाकणाऱ्या देशाचा माणूस माइकसमोर उभा राहतो आणि सांगतो, आम्ही हे स्वसंरक्षणासाठी केलं. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियानं युक्रेनमध्ये फौजा घातल्या, तेव्हा पुतिन यांनी भाषणात संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या कलम ५१ चं नाव घेतलं. १३ जून २०२५ ला इस्रायलनं इराणवर हल्ला केला, तेव्हाही कारण तेच. लातूरच्या कोर्टाबाहेर चहा पिताना मग कुणीतरी म्हणतंच, "वकीलसाहेब, सगळेच स्वसंरक्षण करायलेत, तर हल्ला कोण करायलंय?"

प्रश्न खोचक आहे आणि रास्तही. पण त्यावरून लोक जो निकाल लावतात, की आंतरराष्ट्रीय कायदा म्हणजे नुसती शोभा, तो मला मान्य नाही. 'आम्हाला मुलूख पाहिजे होता म्हणून घेतला' असं एकेकाळी राज्यं छातीठोकपणे सांगत. आता कुणी सांगत नाही. आता दावा करावा लागतो, आणि एकदा दावा केला की तो तपासता येतो. कसा तपासायचा, ते सांगण्यासाठी हा लेख.

पहिल्या महायुद्धापर्यंत युद्ध करणं हा राज्याचा अधिकारच मानला जाई. १९२८ साली पॅरिसमध्ये एक करार झाला. राष्ट्रीय धोरणाचं साधन म्हणून आम्ही युद्ध सोडून दिलं, असं देशांनी त्यात लिहून दिलं. सह्या करणाऱ्यांत ब्रिटिश अमलाखालचा हिंदुस्थानही होता. बंदी 'युद्धा'वर होती, आणि पळवाट तिथंच निघाली. १९३१ मध्ये जपाननं मांचुरिया गिळला तो युद्ध जाहीर न करताच. १९४५ साली सॅन फ्रान्सिस्कोत सनद लिहिणाऱ्यांना हे चांगलंच आठवत होतं. म्हणून कलम २ च्या चौथ्या उपकलमात त्यांनी बळाचा वापरच मना केला. कुठल्याही राज्याच्या भूमीविरुद्ध किंवा स्वातंत्र्याविरुद्ध बळ वापरायचं नाही आणि तशी धमकीही द्यायची नाही.

या बंदीला दोन दारं आहेत. एक, सुरक्षा परिषदेनं स्वतः परवानगी देणं. इराकनं कुवेत बळकावल्यावर नोव्हेंबर १९९० मध्ये ठराव ६७८ करून परिषदेनं ती दिली होती. असं क्वचितच होतं. दुसरं दार कलम ५१ चं, आणि गर्दी सगळी तिथं आहे. ते कलम सांगतं ते असं: सदस्य देशावर सशस्त्र हल्ला झाला, तर एकट्यानं किंवा मित्रांना सोबत घेऊन स्वतःचा बचाव करण्याचा त्याचा उपजत हक्क अबाधित आहे. सुरक्षा परिषद शांततेसाठी पावलं उचलेपर्यंत तो चालेल. मात्र जे केलं ते परिषदेला ताबडतोब कळवायचं.

तालुक्याच्या कोर्टात फौजदारी चालवणाऱ्या माणसाला हे कलम ओळखीचं वाटतं. बांधावरून दोन भावकींत जुंपते, एक जण कुऱ्हाड घेऊन अंगावर येतो, दुसरा काठी घालतो आणि पहिला मरतो. अशा वेळी दुसऱ्याचा वकील 'खासगी संरक्षणाचा हक्क' पुढं करतो. दंड संहितेत ही कलमं ९६ ते १०६ होती, आता न्याय संहितेत ३४ ते ४४ आहेत. कोर्ट विचारतं: आधी अंगावर कोण आलं? पोलिसांकडे जायला वेळ होता का? रोखायला लागत होतं त्यापेक्षा जास्त मारलं का? पळून चाललेल्याच्या पाठीत घातलेला घाव या हक्कात बसत नाही. देशांना विचारायचे प्रश्नही जवळपास हेच आहेत. पण बांधावरच्या भांडणाला ठाणं आहे, पंचनामा आहे, शेवटी न्यायाधीश आहे. देशांच्या भांडणात ठाणेदाराच्या खुर्चीवर सुरक्षा परिषद बसली आहे, आणि तिच्या पाच कायम सदस्यांपैकी कुणीही एकटा नकाराधिकार वापरून कागद दाबून ठेवू शकतो. त्यामुळे निवाडा बहुतेकदा आरोपीच स्वतःपुरता करतो, आणि जगानं तो मानायचा की नाही ते मागाहून ठरतं.

कॅरोलाइन नावाची बोट

यातले बरेचसे नियम सनदेत लिहिलेले नाहीत. ते एका जळालेल्या बोटीतून आले आहेत.

१८३७ साली कॅनडात ब्रिटिश सत्तेविरुद्ध बंड झालं. बंडखोरांनी नायगारा नदीतल्या एका बेटावर तळ ठोकला. अमेरिकेच्या काठावरून 'कॅरोलाइन' नावाची आगबोट त्यांना माणसं आणि सामान पोचवत होती. २९ डिसेंबरच्या रात्री ब्रिटिशांची तुकडी नदी ओलांडून अमेरिकेच्या हद्दीत शिरली. धक्क्याला बांधलेली बोट त्यांनी सोडवली, पेटवली आणि धबधब्याच्या दिशेनं प्रवाहात ढकलून दिली. एक अमेरिकन माणूस मारला गेला. अमेरिका बंडखोरांच्या बाजूनं लढत नव्हती. तिच्या भूमीचा वापर होत होता आणि तिच्या सरकारला तो थांबवता आला नव्हता. सीमेपलीकडच्या तळांचा वाद किती जुना आहे, ते इथं दिसतं.

पत्रव्यवहार वर्षानुवर्षं चालला. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डॅनियल वेबस्टर यांनी १८४१ मध्ये ब्रिटिशांना एक कसोटी लिहून पाठवली. स्वसंरक्षणाची गरज तत्काळ हवी, जबरदस्त हवी, दुसरा मार्ग निवडायला वाव नसावा आणि विचार करायला क्षणभरही सवड नसावी. शिवाय त्या गरजेपोटी जे केलं तेही अवाजवी नसावं. ब्रिटिशांनी कसोटी मान्य केली आणि आपली कारवाई तीत बसते असं सांगितलं. दोन सरकारांनी आपसातलं भांडण मिटवायला लिहिलेली ही वाक्यं आजही जगभरच्या विधी महाविद्यालयांत पाठ करून घेतली जातात. 'गरज' आणि 'प्रमाण' ही जोडी तिथून रुळली.

'प्रमाण' या शब्दाचा सर्रास चुकीचा अर्थ लावला जातो. त्यांनी सव्वीस मारले तर आपण सव्वीस मारायचे, हा हिशेब कायद्यात नाही. माप हल्ला थांबवण्याचं आहे. त्याला जेवढं लागतं तेवढं. कधी ते शत्रूनं केलेल्या नुकसानीपेक्षा जास्त असेल, कधी बरंच कमी. १९८२ मध्ये अर्जेंटिनानं फॉकलंड बेटं घेतली. ब्रिटनचं आरमार अर्ध्या जगाला वळसा घालून तिथं पोचेपर्यंत आठवडे गेले, तरी 'तत्काळ' नव्हतं म्हणून दावा कोसळला नाही, कारण बेटं अजून अर्जेंटिनाच्याच ताब्यात होती, म्हणजे हल्ला चालूच होता. ब्रिटननं बेटं परत घेतली आणि तिथंच थांबला. अर्जेंटिनाच्या मुख्य भूमीवर त्यानं बॉम्ब टाकले नाहीत. याच्या उलट उदाहरण युगांडाचं. काँगोमध्ये शिरून सीमेपासून शेकडो किलोमीटर आतले विमानतळ आणि गावं त्यानं घेतली. २००५ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानं त्याचा स्वसंरक्षणाचा दावा फेटाळला, आणि सीमेवरच्या हल्ल्यांना एवढ्या आत शिरून उत्तर देणं प्रमाणात दिसत नाही, असंही नोंदवलं.

बदला तर बसतच नाही. बळ वापरून सूड उगवू नये, हे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं १९७० च्या जाहीरनाम्यात स्पष्ट लिहिलं आहे. सभेत नेते 'बदला घेतला' म्हणून टाळ्या घेतात, पण त्याच दिवशी परराष्ट्र खात्याच्या कागदावर तो शब्द औषधालाही सापडत नाही.

हल्ला कशाला म्हणायचं?

सगळ्यात किचकट गाठ इथं आहे. कलम २ मध्ये 'बळाचा वापर' आहे, कलम ५१ मध्ये 'सशस्त्र हल्ला'. दोन्ही एकच मानले तर सीमेवर एक गोळी सुटली की युद्धाचा परवाना मिळेल. हेगच्या न्यायालयानं २७ जून १९८६ च्या निकालात या दोहोंत अंतर ठेवलं. खटला निकाराग्वानं अमेरिकेवर केला होता. अमेरिका तिथल्या सरकारविरोधी काँत्रा बंडखोरांना पैसा आणि प्रशिक्षण देत होती. तिनं निकाराग्वाच्या बंदरांत सुरुंगही पेरले होते. निकाराग्वा शेजारच्या एल साल्वादोरमधल्या बंडखोरांना शस्त्रं पुरवतो, म्हणून आम्ही एल साल्वादोरच्या संरक्षणाला धावून गेलो, हा अमेरिकेचा बचाव.

न्यायालयानं सांगितलं: बंडखोरांना शस्त्रं देणं बेकायदा असेल, दुसऱ्याच्या घरात ढवळाढवळ असेल, पण तो 'सशस्त्र हल्ला' होत नाही. त्यासाठी बळाचं गंभीर रूप लागतं. किरकोळ सीमाचकमक पुरत नाही. एखाद्या राज्यानं हत्यारबंद टोळ्या स्वतः पाठवल्या आणि त्यांनी नियमित सैन्यासारखा मोठा हल्ला केला, तर मात्र तो त्या राज्याचाच हल्ला. आणि मित्राच्या मदतीला धावायचं असेल तर आधी त्या मित्रानं 'माझ्यावर हल्ला झालाय, मदत करा' असं म्हणायला हवं. न्यायालयानं आणखी एक बारीक गोष्ट हेरली. अमेरिकेनं सुरक्षा परिषदेला स्वसंरक्षणाची वर्दी दिलीच नव्हती. स्वतःचा दावा स्वतःलाच खरा वाटत होता का, हे यावरूनही जोखता येतं. अमेरिका सुनावणीतून आधीच उठून गेली होती. निकाल पाळावा असा ठराव परिषदेत आला तेव्हा तिनं नकाराधिकार वापरला. एवढं होऊनही हा निकाल त्यानंतरच्या प्रत्येक वादात पुढं येतो.

पुरावा कुणी द्यायचा? जो स्वसंरक्षण म्हणतो त्यानं. १९८७ आणि १९८८ मध्ये अमेरिकेनं आखातातले इराणचे तेलफलाट उद्ध्वस्त केले. एका जहाजावर क्षेपणास्त्र आदळलं आणि एक युद्धनौका सुरुंगावर गेली, ते इराणचंच काम, असं तिचं म्हणणं होतं. २००३ च्या निकालात न्यायालयानं म्हटलं, हे तुम्ही सिद्ध करू शकला नाहीत. संशय दाट असला तरी तो पुराव्याची जागा घेत नाही.

हल्ला व्हायच्या आधीच मारलं तर? इस्रायलनं ७ जून १९८१ ला बगदादजवळची इराकची अणुभट्टी पाडली. भट्टीतून पुढं बॉम्ब बनेल, हे कारण. बारा दिवसांनी सुरक्षा परिषदेनं एकमतानं निषेध केला, अमेरिकेसकट. समोरच्याचा हात उगारलेला असेल तर घाव पडायची वाट बघायची गरज नाही, असं मानणारे बरेच आहेत. पण 'हा पुढंमागं हत्यार घेईल' म्हणून आज मारणं बहुतेक देश मान्य करत नाहीत. मलाही ही रेघ योग्य वाटते, नाहीतर भीतीलाच परवाना मिळतो. २००३ च्या इराक युद्धात ही रेघ पुसायचा प्रयत्न झाला आणि ज्या हत्यारांसाठी तो झाला ती सापडलीच नाहीत.

आता आपल्या दारातला प्रश्न. हल्ला करणारी संघटना असेल आणि ती शेजारच्या देशात बसली असेल तर? ११ सप्टेंबर २००१ नंतर सुरक्षा परिषदेनं ठराव १३६८ आणि १३७३ मध्ये स्वसंरक्षणाच्या हक्काचा उल्लेख केला, आणि तो हल्ला कुठल्या सरकारनं केलेला नव्हता. तेव्हापासून अनेक देश म्हणतात की, यजमान देश त्या संघटनेला आवरायला तयार नसेल किंवा त्याला ते जमत नसेल, तर आम्ही तिथं जाऊन तिच्यावर मारा करू. मेक्सिको, ब्राझील यांच्यासारख्या देशांना हे खटकतं. त्यांचं म्हणणं, अशानं दुबळ्या देशांच्या सीमांना अर्थ राहणार नाही. भारतानं फेब्रुवारी २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांतल्या एका बैठकीत आपली भूमिका मांडली ती जरा घट्ट आहे. संघटनेनं वारंवार हल्ले केलेले असावेत, यजमान देश तिला आवरायला तयार नसावा, आणि तो तिला सक्रिय पाठबळ देत असावा.

या पार्श्वभूमीवर आपल्या सरकारची निवेदनं पुन्हा वाचून बघा. २६ फेब्रुवारी २०१९ ला बालाकोटनंतर परराष्ट्र सचिव विजय गोखले यांनी कारवाईला 'बिगरलष्करी' आणि 'हल्ला होण्याआधी रोखणारी' म्हटलं. पहिल्या विशेषणाचा अर्थ, आम्ही पाकिस्तानच्या सैन्याला हात लावलेला नाही. दुसऱ्याचा अर्थ, हा पुलवामाचा सूड नाही, पुढचा हल्ला अडवला आहे. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामला सव्वीस माणसं मारली गेली. त्यानंतर ७ मे रोजी ऑपरेशन सिंदूरबद्दल बोलताना परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री यांनी कारवाई मोजूनमापून, तणाव न वाढवणारी, प्रमाणात आणि जबाबदारीनं केल्याचं सांगितलं. यातला 'प्रमाणात' हा थेट कॅरोलाइनच्या बोटीवरून उतरलेला आहे. टीव्हीवर आरडाओरडा चालू असताना सरकारी कागदावर मात्र कुणीतरी कायद्याची कलमं समोर ठेवून एकेक शब्द बसवत होतं.

नळदुर्ग आणि पॅरिस

आता आपल्या मराठवाड्यावरच हा कायदा लावून बघू. मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. आमच्याकडे १७ सप्टेंबरला झेंडावंदन होतं, पण १९४८ साली त्याच आठवड्यात आपलं प्रकरण सुरक्षा परिषदेसमोर उभं होतं, हे फारसं कुणी सांगत नाही.

ब्रिटिश गेले तेव्हा निजामानं भारतात सामील व्हायला नकार दिला. नोव्हेंबर १९४७ मध्ये वर्षभराचा 'जैसे थे' करार झाला. इकडं निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद रझाकारांचा धुमाकूळ वाढत गेला. त्यांचा म्होरक्या कासिम रझवी हा लातूरचाच वकील होता, हे आमच्या पेशातल्या लोकांना आठवायला आवडत नाही. २१ ऑगस्ट १९४८ ला हैदराबाद सरकारनं सुरक्षा परिषदेकडे तक्रार केली. सदस्य नसलेल्या राज्याला तक्रार करू देणारं सनदेचं ३५ वं कलम त्यासाठी वापरलं. १३ सप्टेंबरला सोलापूरकडून भारतीय फौजा शिरल्या आणि पहिल्याच दिवशी नळदुर्ग हाती आला. १६ तारखेला पॅरिसमध्ये परिषद बसली. विषय पटलावर घ्यायला आठ मतं पडली, सोव्हिएत रशिया, युक्रेन आणि चीन तटस्थ राहिले. निजामाचे प्रतिनिधी मोईन नवाज जंग कैफियत मांडत होते आणि इकडं राज्य संपत आलं होतं. १७ ला निजामानं हार मानली. २२ ला त्यानं तार करून तक्रार मागे घेतली. तरी 'हैदराबादचा प्रश्न' परिषदेच्या यादीत पुढं दशकानुदशकं तसाच पडून राहिला.

कायद्याच्या नजरेनं सगळं एका मुद्द्यावर अडतं: हैदराबाद हे राज्य होतं का? आंतरराष्ट्रीय अर्थानं होतं म्हटलं, तर कलम २ ची बंदी लागू. नव्हतं म्हटलं, तर तो घरातला मामला. भारतानं दुसरी बाजू घेतली. हैदराबाद कधीच सार्वभौम नव्हतं, असं भारताचे प्रतिनिधी रामस्वामी मुदलियार यांनी परिषदेत सांगितलं. रणगाडे, तोफा आणि विमानं घेऊन केलेल्या मोहिमेला 'पोलीस ॲक्शन' म्हटलं गेलं ते या भूमिकेला धरूनच. रझाकार सीमा ओलांडून भारतीय हद्दीतल्या गावांवर धाडी घालत होते, म्हणजे स्वसंरक्षणाचा दावा करायला मालमसाला होता. तरी दिल्लीनं कलम ५१ ला हात लावला नाही. माझ्या मते त्यामागचं कारण उघड आहे. कलम ५१ चा आधार घेतला असता तर समोर एक स्वतंत्र राज्य उभं आहे, हे आपणच कबूल केलं असतं.

१९६१ मध्ये गोव्याच्या वेळी हा मार्ग नव्हता, कारण पोर्तुगाल हा सगळ्या जगाला मान्य असलेला देश. तिथं भारतानं सांगितलं की साडेचारशे वर्षांचा ताबा हेच चालू आक्रमण आहे आणि वसाहतवादाला सनदेचा आसरा मिळू शकत नाही. पाश्चात्त्य देशांना ते पटलं नाही. सोव्हिएत नकाराधिकारानं परिषदेतला भारताविरुद्धचा ठराव पडला. १९७१ चा दावा भक्कम होता. ३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्ताननं आपल्या विमानतळांवर बॉम्ब टाकले होते.

हैदराबादबाबत आणखी एक गोष्ट सांगायची राहते. युद्धात उतरणं कायदेशीर होतं का, हा एक प्रश्न. उतरल्यावर कोण कसं वागलं, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला लागू होत नाही. रझाकारांनी गावंच्या गावं लुटली आणि माणसं मारली, त्याच्या आठवणी आमच्याकडे घरोघर आहेत. पण पोलीस ॲक्शनच्या वेळी आणि नंतर मुसलमान वस्त्यांवर जे झालं तेही घडलेलं आहे. नेहरूंनी पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार दिला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड हे सर्वांत जास्त होरपळलेले जिल्हे म्हणून नोंदवले. अनेक ठिकाणी लष्करानं लोकांना वाचवलं आणि काही ठिकाणी लष्कर-पोलिसांतली माणसं लुटीत सामील होती, हे दोन्ही समितीनं लिहिलं. तो अहवाल कित्येक दशकं प्रसिद्ध झाला नाही. देशाच्या आतल्या सशस्त्र संघर्षातही नि:शस्त्र माणसाला मारू नये, हा किमान नियम जिनिव्हा करारांत लिहिला गेला तो १२ ऑगस्ट १९४९ ला, नळदुर्ग पडल्यानंतर अकरा महिन्यांनी.